आधी वाटणी, मग काटकसर

पाणी जपून वापरा असे सांगणाऱ्याशी भांडण काढणे अवघड असते. तरीही ते काढायला हवे. मराठवाडा, सोलापूर, माण-खटाव या कोरड्या पट्ट्यात पाण्याविषयीचे जे शहाणपण शिकवले जाते, त्याची मांडणी ठरलेली आहे. पाऊस घटला म्हणून पाणी घटले. तेव्हा पडेल ते अडवा, जिरवा, ठिबकने द्या, घरातला नळ नीट बंद करा. यातले प्रत्येक काम चांगले आहे. पण वाचलेल्या पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. तो आधी सुटला नाही, तर कितीही काटकसर करा, तिचा लाभ ज्याची मोटर मोठी आणि बोअर खोल त्यालाच मिळतो. म्हणून माझे म्हणणे असे की, पाण्याची वाटणी आधी झाली पाहिजे. बचतीच्या युक्त्या त्यानंतरच्या.

पहिला युक्तिवाद आभाळाचा. हवामान आपल्या मुळावर येत आहे, याबद्दल वाद नाही. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन पावसाळ्यात मोठे खंड पडतात आणि मग राहिलेला पाऊस चार दिवसांत कोसळून शेतातली माती घेऊन जातो. उन्हाळा तापला की पिकाची तहान वाढते आणि तलावांतून वाफही अधिक उडते. पर्जन्यमापकात मराठवाड्याची सातशे मिलिमीटरच्या आसपासची सरासरी गाठली गेली, तरी हाताला लागणारे पाणी कमीच असते. पण टंचाईचा सगळा दोष आभाळावर ढकलता येत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. आधी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर. लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला होता, हे खरे. पण लातूर ज्या मांजरा धरणावर विसंबून होते, त्याच खोऱ्यात आधीच्या काही दशकांत साखर कारखाने आणि उसाचे फड वाढत गेले होते, हेही तितकेच खरे.

हिशेब मांडून पाहू. वर्षभराच्या उसाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. त्यातले पाचशे मिलिमीटर पावसाने दिले असे धरले, तरी दीड हजार मिलिमीटर वरून द्यावे लागते, म्हणजे एकरी साठ लाख लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी रोज 55 लिटरचे माप धरले आहे. त्याचे वर्षाला वीस हजार लिटर होतात. म्हणजे एक एकर उसात तीनशे माणसांचे वर्षाचे पाणी जाते. लातूरची ती पन्नास वाघिणींची गाडी दोनदा रिकामी केली, तरी हा एक एकर वर्षभर भिजणार नाही. रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा ही पिके काळ्या जमिनीतल्या ओलीवर आणि एखाद-दुसऱ्या पाण्यावर येतात.

यावरून ऊसवाल्या शेतकऱ्याला लोभी ठरवणारे लेखन पुष्कळ झाले आहे. ते मला अन्यायाचे वाटते. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे. पैसे थकतात, आंदोलने होतात, पण घेणारा ठरलेला असतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो. मात्र खरेदी केंद्र कधी उघडेल, तिथे बारदाना असेल का, नंबर लागेपर्यंत घरात माल ठेवायची ऐपत आहे का, हे सगळे ज्याचे त्याने पाहायचे. अशा स्थितीत माणूस ऊस लावतो तो विचार करूनच. उपदेशाने त्याचा विचार बदलणार नाही. तूर, करडई, ज्वारी, बाजरी यांची खरेदी उसाइतकी खात्रीची केली, तरच बदलेल.

दुसरा युक्तिवाद अडवा-जिरवाचा. बांधबंदिस्तीची कामे हवीतच, डोंगरउतारावर तर आधी हवीत. पण महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी राहते ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाड थरात. मुळात साठवण थोडी, आणि तीही बांधाच्या ओळीने थांबत नाही; एकाच्या शिवारात जिरलेले पाणी दुसऱ्याच्या विहिरीत निघते. गावाने श्रमदान करून पाणी जिरवायचे आणि कुणी एकाने तीनशे फूट बोअर पाडून ते उपसायचे, असे व्हायला आपल्याकडे प्रत्यक्षात कुणाची आडकाठी नसते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांची गोष्ट तशीच. पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी निघालेली ही योजना अनेक ठिकाणी विहिरीचे पाणी उपसून उघड्यावर साठवण्याची योजना झाली आहे. जमिनीखाली सावलीत असलेले, सगळ्यांच्या वाट्याचे पाणी वर आणून उन्हात ठेवायचे आणि एकट्याच्या नावावर करायचे, याला जलसंधारण म्हणायला मी तयार नाही.

तिसरा युक्तिवाद ठिबकचा, आणि तो सर्वांत पटणारा. मोकाट पाणी देण्यापेक्षा ठिबक केव्हाही चांगले. उत्पादन वाढते, खत मुळाशी जाते, मजुरी वाचते. फक्त त्याने खोऱ्यातले पाणी आपोआप वाचते, हे खरे नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे पाणी वाचले, त्यावर तो पुढचे दोन एकर भिजवतो. कुणीही हेच करील. शिवाय पूर्वी पाटाचे पाणी झिरपून शेजारच्या विहिरीला मिळायचे, तेही थांबते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2017 मध्ये देशोदेशीचे अनुभव तपासले, तेव्हा हेच आढळले: पाण्याच्या वाट्यावर आधी मर्यादा घातली नसेल, तर सुधारित सिंचनाने एकूण वापर सहसा घटत नाही, बहुधा वाढतोच. सगळा ऊस ठिबकवर नेला की प्रश्न मिटेल असे म्हणणाऱ्यांनी, सुटलेले पाणी कुठे जाणार, हे आधी सांगावे.

शहरांबद्दल एवढेच म्हणतो. शहराच्या योजना माणशी 135 लिटरच्या मापाने आखल्या जातात, खेड्यासाठी माप 55 चे. म्हणूनच शहरांनी सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले पाहिजे, यात सवलत नको.

मग करायचे काय? उत्तर आपल्याच मातीत आहे, फक्त आपण ते अर्धे पाहतो. हिवरे बाजारला जाणारे लोक तिथले बांध आणि झाडे पाहून परततात. पण पोपटराव पवारांच्या या गावाने सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असेही ठरवले. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, आणि उरेल त्यावर पिके ठरवायची. ते गाव टिकले यात या बंधनांचा वाटा बांधांइतकाच आहे. त्याच्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने दिले, माणशी अर्धा एकर भिजेल इतके. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला बंदी होती.

ही गावे अपवाद आहेत, असा आक्षेप येईल. आहेत. पण साऱ्या राज्याला लागू असे कायदेही झाले आहेत. 2009 च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरहून खोल विहिरींना मनाई केली. त्याआधी, 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातल्या धरणांत ऑक्टोबरअखेर साठ्याची टक्केवारी साधारण सारखी राहावी, असे तत्त्व घातले. त्याच आधारावर नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागते. दर वेळी वाद होतो, कोर्टकचेऱ्या होतात, तरी पाणी सुटते. नाशिक जिल्ह्यातच वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था घनमापाने मोजून पाणी घेतात. अडते ते जमिनीखाली. माझी जमीन म्हणून तिच्याखालचे पाणीही माझे, ही 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून रुजलेली समजूत मोडायला कुणी धजत नाही.

ती मोडावी लागेल. धरणाधरणांत जे ऑक्टोबरअखेर करता येते, ते एका शिवारातल्या विहिरींत करता येईल. विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेने रब्बीच्या पेरणीआधी ताळेबंद मांडावा आणि त्याला कायद्याचे बळ असावे. नव्या कारखान्याला किंवा वाढीव गाळपाला परवाना देताना खोऱ्यात पाणी किती उरते, ते आधी तपासावे. ठिबकचे अनुदान ताळेबंद पाळणाऱ्या गावाला आधी मिळावे. आणि त्याच वर्षी, त्याच गावाजवळ, तुरीचे आणि ज्वारीचे खरेदी केंद्र वेळेवर उघडावे.