रक्ताची साक्ष किती मानावी?



रक्ततपासणीचा कागद हाती आला की घरातील सर्वांची दृष्टी एकाच गोष्टीकडे लागते : आकडा मर्यादेत आहे ना? असला तर देवाचे आभार मानून कागद कपाटात जातो. फुप्फुसांच्या एका विकारात हे समाधान घातक ठरू शकते, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

फुप्फुसांतील वायुकोशांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात मिसळतो. ह्या भिंती सुजून जाड झाल्या, त्यांत व्रणासारखे कठीण तंतू साचले, म्हणजे प्राणवायूची वाट अडते. डॉक्टर ह्यास इंटरस्टिशियल लंग डिसीज म्हणतात. कोरडा खोकला व चढावर लागणारी धाप ही त्याची लक्षणे. दमा किंवा क्षय समजून पुष्कळांचे बहुमोल महिने वाया जातात.

शरीरातील दाहाची वर्दी देणाऱ्या दोन तपासण्या सर्वपरिचित आहेत. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात, हे ई. एस. आर. सांगतो. सी. आर. पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० साली टिलेट व फ्रान्सिस ह्या अमेरिकन संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लावला. परंतु रात्री गावात आरोळी उठली, तर काही घडले एवढेच कळते; कोणाच्या घरी, ते कळत नाही. सांधे सुजले, दाढेत पू झाला, तरीही हे आकडे वाढतात. उलट, फुप्फुसांत दाह थोडा व तंतू फार असले, तर आकडे निर्दोष दिसूनही रोग पुढे सरकत असतो.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली देवळाच्या पायऱ्यांवर तीनदा थांबत असत आणि म्हणत, “फादर, रिपोर्ट चांगला आहे.” रिपोर्ट खोटा नव्हता, त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता. खरे उत्तर सी. टी. स्कॅन व श्वासक्षमतेच्या चाचणीने मिळाले.

रक्ततपासणी निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. संधिवातासारख्या आजारातून फुप्फुसे बिघडली असल्यास त्याचा माग रक्तातूनच लागतो. पण काही उत्तरे घरातच असतात. भारतातील २७ केंद्रांतील १,०८४ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ४७ टक्के रुग्णांचा विकार श्वासावाटे गेलेल्या कणांच्या वावड्यामुळे झाला होता, आणि एअर कूलरचा संबंध पुष्कळांच्या बाबतीत आढळला. कबुतरांची विष्ठा व पिसे हेही असेच कारण होय. म्हणून डॉक्टरांनी विचारले असता खिडकीतील कबुतरे व कुबट कूलर संकोच न करता सांगावेत.

बेन सिराच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करण्यास सांगतो आणि वैद्याचा मान राखण्यासही सांगतो. तेव्हा घरातील कोणास काही आठवडे धाप लागत असेल, तर चांगल्या आकड्यावर विसंबू नका. त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांच्यासाठी प्रार्थनाही करा.