तक्रार एकट्याची, तोटा सर्वांचा

नागपुरातील हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार असो की कळमन्याच्या बाजारातील हमाल असो, त्याच्या हातातील मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. उद्या काम आहे की नाही हे ठेकेदार त्यावरच कळवतो आणि बँकेचा निरोपही त्यावरच येतो. अशा माणसाच्या खात्यातून न मागितलेल्या सेवेचे दहा-वीस रुपये कापले गेले, पैसे भरूनही रिचार्ज जमा झाला नाही किंवा सिम अचानक बंद पडले, तर तो बहुधा काहीच करीत नाही. दहा रुपयांसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवणे त्याला परवडत नाही. त्याचे मौन ही संमती नव्हे. तो नाइलाजाने केलेला हिशोब आहे. एका ग्राहकाचे दहा रुपये किरकोळ असतात, परंतु लाखो ग्राहकांचे दहा-दहा रुपये ही कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात किरकोळ बाब नसते.

कायद्याने या ग्राहकाला अगदीच वाऱ्यावर सोडले आहे असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘ट्राय’च्या २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक कंपनीने निःशुल्क तक्रार केंद्र चालवले पाहिजे. १९८ या क्रमांकावर नोंदवलेल्या प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र नोंदणी क्रमांक दिला पाहिजे. मुदतीत निवारण झाले नाही, तर ग्राहकाला पुढील ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. कागदावर ही व्यवस्था नेटकी दिसते. तिचे दुखणे असे की, अपील ऐकणारा अधिकारी ज्या कंपनीविरुद्ध तक्रार असते तिनेच नेमलेला असतो. त्याला सल्ला देणाऱ्या दोघांच्या समितीत एक सदस्य ग्राहक संघटनेचा असतो खरा, पण दुसरा कंपनीचाच असतो आणि निर्णय अखेर त्या अधिकाऱ्याचाच. आरोपीच्या घरात भरणाऱ्या न्यायालयावर सामान्य माणसाने विश्वास तो किती ठेवावा?

बँकांच्या ग्राहकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९९५ मध्येच लोकपाल योजना आणली. दूरसंचार क्षेत्रातही स्वतंत्र लोकपाल असावा, अशी शिफारस खुद्द ट्रायने २०१७ मध्ये केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ऑनलाइन तंटानिवारणाची तरतूद झाली. स्वतंत्र लोकपाल मात्र त्यात नाही.

ग्राहक न्यायालयाचे दारही बराच काळ अर्धवट मिटलेले होते. १८८५ च्या तार कायद्यात लवादाची तरतूद आहे, तेव्हा टेलिफोनच्या बिलाचे तंटे ग्राहक मंचाकडे नेता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. ब्रिटिश अमदानीतील त्या कायद्याची ढाल पुढे खासगी कंपन्यांनीही वापरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ग्राहक मंचाचा अधिकार मान्य केला. तरीही हे दार उघडे आहे, याची वार्ता वस्त्यांपर्यंत पोहोचलेली नाही.

बाजाराचे समर्थक म्हणतील, कंपनी पसंत नसेल तर ग्राहकाने दुसरी निवडावी. २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते, हा हक्क मोलाचा आहे. परंतु एके काळी डझनभर कंपन्या असलेल्या या बाजारात आज तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच उरले आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले, तेव्हा निवडीचे हे स्वातंत्र्य किती तोकडे आहे ते दिसले. महिन्याऐवजी २८ दिवसांची मुदत देऊन वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज करायला लावण्याची रीतही अशाच बाजारात रुजते. याचा अर्थ, टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभे करणारे जुने सरकारी खाते आदर्श होते, असा नव्हे. खाते सरकारी असो वा कंपनी खासगी, ग्राहकाला उत्तर देण्यास ती बांधील आहे की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. प्रत्येक शाखेत एक वही ठेवावी आणि तीत तक्रारीची तारीख, नोंदणी क्रमांक, कापलेली रक्कम व कंपनीचे उत्तर लिहावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उपयोग करावा. एकाच प्रकारच्या तक्रारी जमल्या, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार, समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांच्या वतीने जिल्हा आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार दाखल करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकीलही अनिवार्य नाही. नागपुरात जिल्हा आयोग आहे, राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठही आहे. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

गिरणीच्या दारात एकट्या कामगाराने केलेली कुरकूर मालकाने कधी ऐकली नाही. तीच गोष्ट संघटनेने मांडली तेव्हा तिची मागणी झाली. मोबाईलच्या ग्राहकाचे दहा रुपये परत मिळवून देणे हे लहान काम नव्हे. त्या वह्यांतील नोंदी हाती असतील, तरच स्वतंत्र लोकपालाची मागणी सरकारपुढे पुराव्यानिशी मांडता येईल.