शेजाऱ्याचें बक्षीस

या अंकाच्या शेवटीं बक्षीस मिळविलेल्या मुलामुलींची यादी छापलेली आहे. अंक हातीं येतांच बहुतेक वाचक आधीं तेंच पान उघडतात, हें मी जाणून आहें. ज्याचें नांव यादींत आहे तो तें एकदां वाचतो. ज्याचें नाहीं तो शेजाऱ्याचें नांव दहादां वाचतो. आजचे हे चार शब्द या दुसऱ्या वाचकासाठीं आहेत, आणि त्याच्या आईबापांसाठींहि.

द्राक्षमळ्यांतील मजुरांचा दाखला आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. पहांटेपासून राबलेल्यांस ठरलेली मजुरी पुरेपूर मिळाली. तींत कवडीचीहि तूट नव्हती. दिवस मावळतां आलेल्यांच्या हातावर तेवढेंच नाणें पडलेलें पाहीपर्यंत ती मजुरी त्यांस कमी वाटली नव्हती. त्यांची कुरकुर आपल्या हातांतील नाण्याविषयीं नव्हती, दुसऱ्याच्या हातांतील नाण्याविषयीं होती. मत्सर असा असतो. त्यास स्वतःचें कांहींएक वाढवून नको असतें. दुसऱ्याचें कमी झालें कीं पुरें.

या रोगापासून मुक्त राहिलेल्या एका मनुष्याची गोष्ट सांगतों. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा सृष्टिशास्त्रज्ञ १८२३ सालीं जन्मला. घरच्या ओढगस्तीमुळें चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली व भावाच्या हाताखालीं तो जमीनमोजणीचें काम करूं लागला. पुढें आमेझॉन नदीच्या खोऱ्यांत चार वर्षें हिंडून जमविलेल्या संग्रहाचा मोठा भाग १८५२ सालीं परतीच्या वाटेवर जहाजास आग लागून नष्ट झाला. तरीहि १८५४ सालीं तो मलाया द्वीपसमूहांत गेला. तेथें १८५८ च्या फेब्रुवारींत तापानें आजारी असतां, प्राण्यांच्या जाती कशा बदलत जातात याचा उलगडा त्यास झाला. त्यानें निबंध लिहिला आणि इंग्लंडांत डार्विनकडे धाडून दिला.

डार्विन त्याच विचारावर सुमारें वीस वर्षें खपत होता. मात्र त्यानें तो छापून प्रसिद्ध केला नव्हता! पत्र वाचून त्यास मोठा धक्का बसला. पहिलेपणाचा मान जाईल म्हणून आपणांस दुःख व्हावें, याची त्यास लाजहि वाटली. अखेर मित्रांच्या मध्यस्थीनें १ जुलै १८५८ रोजीं दोघांचेहि लेख लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें एकत्र वाचण्यांत आले. वॉलेसला कोणी विचारलें नव्हतें. तो हजारों मैल दूर होता. पुढल्या वर्षीं डार्विनचा ग्रंथ निघाला आणि कीर्ति त्याच्या घरीं गेली.

आतां पहा, मत्सरास येथें केवढी मोकळी जागा होती! परंतु वॉलेसनें आपला मलायाच्या प्रवासाचा ग्रंथ १८६९ सालीं डार्विनासच अर्पण केला, आणि १८८९ सालीं या मतावर स्वतः पुस्तक लिहिलें तेव्हां त्याचें नांव ‘डार्विनिझम’ ठेवलें. डार्विननेंहि खटपट करून १८८१ सालीं त्यास सरकारकडून सालीना २०० पौंडांचें पेन्शन देवविलें होतें. १९०८ सालीं त्या सभेच्या पन्नासाव्या वर्षाचा समारंभ झाला. तेव्हां ८५ वर्षांचा वॉलेस म्हणाला कीं, ज्यानें जितका वेळ खर्चिला तितकें श्रेय त्यास द्यावें. डार्विनचीं वीस वर्षें आणि आपला एक आठवडा. त्याचीं धर्ममतें आपल्या मंडळीच्या मतांहून निराळीं होतीं, हें मी झांकून ठेवीत नाहीं. पण मलायांत आठ वर्षें राहून सव्वा लाखाहून अधिक नमुने गोळा करणाऱ्या या मनुष्यास शेजाऱ्याच्या ताटांत डोकावण्यास फुरसत कोठून मिळावी?

एक इशारा मात्र देणें अवश्य आहे. ‘देवानें दिलेल्या कामांत समाधान मान’ हें वाक्य पुष्कळदां भलत्याच तोंडून बाहेर पडतें. जोतीराव फुले यांस लहानपणीं शाळेंतून काढून मळ्यांत घातलें होतें, कारण शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाहीं, असें लोकांनीं त्यांच्या वडिलांच्या मनांत भरविलें. गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब यांनीं वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा उघडली. बापाचा धंदा किंवा जन्माची जात म्हणजे ईश्वराचें पाचारण नव्हे. शिकण्याची हांव आणि शिकलेल्याचा हेवा या अगदीं निराळ्या वस्तु आहेत. पहिली असलेल्या मुलास संतोषाचा उपदेश करणें हा त्याच्यावर अन्याय होय.

पालकहो, निकालाच्या दिवशीं घरीं पहिला प्रश्न कोणता निघतो, तें आठवून पहा. ‘तुला किती गुण?’ याच्या पाठोपाठ ‘आणि शेजारच्याला?’ हें विचारलें जातें. मूल आपलें गणित विसरतें, हा दुसरा प्रश्न विसरत नाहीं.

माझ्याविषयीं म्हणाल, तर मी गणिताचा शिक्षक. माझ्या खोलीशेजारीं भाषा शिकविणारे एक गुरुजी होते. त्यांच्या वर्गांतील हंशा भिंतीपलीकडून ऐकूं येई आणि माझ्या हातांतील खडू मोडे. जुने विद्यार्थी भेटीस आले कीं आधीं त्यांच्या खोलींत शिरत. हें बरींच वर्षें चाललें. ते सेवानिवृत्त झाले तेव्हां निरोपाचें भाषण मजकडे आलें. मीं तें तीनदां लिहून फाडलें. चौथ्या वेळीं, त्यांच्या वर्गांतून आलेलीं मुलें माझीं उदाहरणें नीट वाचून समजून घेत असत, हें प्रथमच माझ्या ध्यानांत आलें. तेवढेंच मीं सभेंत सांगितलें आणि खालीं बसलों.