गटे, शकुंतला आणि सेसेनहाइमची मुलगी

गटेनें ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नृत्य केलें, ही कथा आमच्या सुशिक्षित घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगण्यांत येत आहे. तींतील नृत्याचा भाग आमच्याच लोकांनीं अभिमानाच्या भरांत जोडला असावा. जें निश्चितपणें घडलें तें असें: सर विल्यम जोन्स यांनीं १७८९ सालीं कालिदासाचें नाटक इंग्रजींत आणलें, त्यावरून गेओर्ग फोर्स्टर यांनीं १७९१ सालीं जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि तें वाचून गटेनें त्याच वर्षीं चार ओळींची एक स्तुतिपर कविता लिहिली. पुढें १८३० सालीं, वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडल्यावरही, पॅरिसच्या एका संस्कृत पंडितास लिहिलेल्या पत्रांत तो या नाटकाविषयीं तितक्याच भरानें बोलला आहे.

नगरांतला पुरुष मृगयेच्या निमित्तानें चार दिवस रानांत येतो, तेथील कन्येवर लुब्ध होतो, आणि परतल्यावर तिला ओळख देत नाहीं. या कथेनें जर्मनीच्या श्रेष्ठ कवीचें मन इतकें कां हललें? काव्यगुणांमुळें, हें उत्तर खरेंच आहे. तथापि त्याच्या तरुणपणची एक हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ती कळल्यापासून त्या चार ओळींकडे आम्हांस तरी पूर्वींच्या दृष्टीनें पाहतां येत नाहीं.

१७७० च्या वसंतांत गटे फ्रांकफुर्टहून स्ट्रासबुर्ग शहरीं कायद्याचा अभ्यास पुरा करण्यास आला. वय वीस, घर सुखवस्तु. शहर फ्रान्सच्या राज्यांतलें, पण बोली व रीतिभाती बहुतांशीं जर्मन. तेथून वीस-बावीस मैलांवर सेसेनहाइम नांवाचें खेडें आहे. तेथील पाद्री ब्रिऑन यांच्या घरचा पाहुणचार मोठा अगत्याचा. गटेच्या खाणावळींतला एक मित्र त्यांचा आप्त होता. त्याच्याबरोबर त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत गटे प्रथम तेथें गेला. आणि गेला तो वेष पालटून! जुने कपडे चढवून त्यानें धर्मशास्त्राचा एक गरीब विद्यार्थी म्हणून आपली ओळख करून दिली. दुष्यंतही पहिल्या अंकांत आपण राजानें नेमलेला अधिकारी आहों अशी बतावणी करतो, हें वाचकांस आठवेल. संपन्न माणसांस अधूनमधून साधेपणाची हौस येते. साधेपणा सोडण्याची ज्यांस सोय नसते त्यांच्या घरीं ती पुरविली जाते.

संध्याकाळीं घरची अठरा वर्षांची मुलगी, फ्रीडरीके, बाहेरून आली; आणि गटेला आपल्या सोंगाची अशी लाज वाटली कीं दुसऱ्या दिवशीं सकाळींच तो पळाला, आणि शेजारच्या गांवच्या खाणावळवाल्याच्या मुलाचे कपडे घालून परत आला.

त्यानंतर सवड मिळेल तेव्हां घोड्यावर बसून तो सेसेनहाइमला जाई. १७७१ च्या उन्हाळ्यांत तर कित्येक आठवडे तेथेंच राहिला. पाद्रीबोवांच्या मनांत घर नव्यानें बांधावयाचें होतें. त्यानें त्याचे नकाशे काढून दिले. घरची गाडी रंगविली. मुलींना गोष्टी सांगितल्या. फ्रीडरीकेसाठीं गाणीं रचलीं, आणि जर्मन भावगीताचें नवें युग याच गाण्यांपासून धरण्याची पद्धत आहे. आईबापांनीं तरुण मंडळींस मोकळें सोडलें. पुढें काय, हें त्यांनीं विचारलें नाहीं. पाहुणचार करणाऱ्या घरास हा प्रश्न विचारणें नेहमींच जड जातें. आमच्या कोकणांतल्या घरांतून मे महिन्यांत मुंबई-पुण्याकडील मुलांचे मित्र उतरतात, आंबे खातात, रात्रीं ओटीवर गाणीं म्हणतात. घरधनीण त्यांस वाढतांना मनांत जें म्हणते तें तोंडानें म्हणत नाहीं. पाद्रीणबाईंची स्थिति याहून फारशी निराळी नसावी.

आमच्या मतें या हकीकतीचा गाभा निरोपाच्या प्रसंगांत नाहीं. तो एका साध्या भेटींत आहे, आणि ती भेट गटेनें स्वतःच आत्मचरित्रांत लिहून ठेवली आहे. पाद्रीणबाई दोघी मुलींस घेऊन स्ट्रासबुर्गला नातलगांकडे राहावयास आल्या. नातलगांचें घर थाटाचें. तेथील मुली फ्रेंच पद्धतीचा पोशाख करणाऱ्या. या दोघींचा पोशाख मात्र त्या प्रांतांतला जुन्या जर्मन वळणाचा. खेड्यांतल्या बागेंत ज्या पोशाखांत फ्रीडरीके मनोहर दिसे, तोच दिवाणखान्यांत मोलकरणीचा वाटूं लागला. थोरली बहीण तर त्यानें अगदीं कष्टी झाली. फ्रीडरीके मात्र घरीं वागे तशीच येथेंही वागली. एके संध्याकाळीं तिच्या इच्छेवरून गटेनें मंडळींस ‘हॅम्लेट’ वाचून दाखविलें. सर्वांनीं त्याची वाहवा केली, आणि ती ऐकतांना तिची मुद्रा अभिमानानें उजळून निघाली. तिला दोष देण्यासारखें गटेला कांहींही सांपडलें नाहीं. पण मायलेकी गांवीं परत गेल्या तेव्हां आपणांस हायसें वाटलें, हेंही तो लपवीत नाहीं.

मुलगी कांहीं बदललेली नव्हती. बदलली होती ती जागा. तिच्या सौंदर्यांतलें कितीसें तिचें, आणि कितीसें अंगणाचें, चांदण्याचें व सुटीचें, हा हिशेब गटेच्या मनानें त्या दिवाणखान्यांत बसून केला. सुटीवर आलेला मनुष्य तो आज ना उद्यां करतोच. ज्याच्या गांवीं तो आलेला असतो त्यास तो सुचतही नाहीं, कारण त्याला सुटी नसते.

ऑगस्ट १७७१ मध्यें परीक्षा आटोपली. घोड्यावर बसल्याबसल्याच गटेनें निरोपाचा हात पुढें केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतें. मनांतला निर्णय त्यानें तोंडानें सांगितला नाहीं, मागाहून पत्रानें कळविला. तिच्या उत्तरानें आपलें काळीज फाटलें, असें तो लिहितो. त्यानें तिला लिहिलेलीं पत्रें पुढें तिची धाकटी बहीण सोफी हिनें जाळून टाकलीं.

येथें व्यास आणि कालिदास यांतला फरक आठवल्यावांचून राहत नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत दुर्वास नाहीं, शाप नाहीं, मुद्रिकाही नाहीं. राजाला सर्व कांहीं आठवत असतें, आणि तरीही भरसभेंत तो शकुंतलेला ओळख नाकारतो. आणि ती त्याला सत्य, भार्या व पुत्र यांविषयीं चांगलें खडसावून सांगते. कालिदासानें शापाची योजना करून राजाला दोषमुक्त केलें. रंगभूमीस तें सोईचें असेल. पण त्यायोगें आश्रमांतल्या मुलीच्या दुःखाला एका रागीट ऋषीवांचून कोणीच जबाबदार उरला नाहीं. गटेनें आपल्यासाठीं असा दुर्वास शोधला नाहीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे; या प्रकरणांत आपण प्रथमच अपराधी ठरलों, असें तो स्पष्ट लिहितो. परंतु फ्रीडरीकेला व्यासांच्या शकुंतलेसारखी सभा मिळाली नाहीं. आपण सर्व ऐकतों तें जाणाऱ्याच्या तोंडून.

सप्टेंबर १७७९ मध्यें वायमारच्या ड्यूकबरोबर स्वित्झर्लंडकडे जातांना गटे वाट वांकडी करून सेसेनहाइमला एक रात्र राहिला. आतां तो तीस वर्षांचा, दरबारांतला मोठा अधिकारी. घरच्यांनीं जुन्या मित्राप्रमाणें आगतस्वागत केलें. बागेंतले कुंज पाहून झाले, त्यानें रंगविलेल्या गाडीची आठवण निघाली, जुनीं गाणीं निघालीं. फ्रीडरीकेनें एका शब्दानेंही मागची गोष्ट जागी केली नाहीं. आपण हिला सोडलें तेव्हां तिच्या जिवावर बेतलें होतें, असें गटेनेंच त्या प्रवासांत एका मैत्रिणीस पत्रीं कळविलें. सकाळीं तो समाधानानें मार्गस्थ झाला. त्या घरच्या वागणुकीस क्षमा म्हणावें कीं नुसता पाहुणचार, याचा आमच्या मनाशीं अद्याप निर्णय होत नाहीं.

आईबाप वारल्यावर फ्रीडरीके व सोफी भावाकडे रोटाउ येथें जाऊन राहिल्या. तेथें कापड व मातीचीं भांडीं विकून त्यांनीं चरितार्थ चालविला, आणि फ्रेंच शिकूं इच्छिणाऱ्या मुलींस घरीं ठेवून घेतलें. फ्रेंच थाटाच्या दिवाणखान्यांत जी खेडवळ ठरली होती, तिच्याच घरीं फ्रेंच शिकण्यास मुली येऊं लागल्या! लग्न तिनें केलें नाहीं. शेवटचीं वर्षें थोरल्या बहिणीच्या घरीं काढून एप्रिल १८१३ मध्यें मायसेनहाइम येथें ती वारली. गटेच्या आत्मचरित्राच्या ज्या भागांत पहिल्या भेटीचें वर्णन आहे तो १८१२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि ज्यांत निरोप आहे तो १८१४ सालीं.

गटेनें न शोधलेला दुर्वास पुढें इतरांनीं शोधून दिला. १९२८ सालीं फ्रान्झ लेहार यांनीं तिच्या नांवाची संगीतिका बर्लिनमध्यें रंगभूमीवर आणली. तींत कवीच्या उत्कर्षासाठीं फ्रीडरीके स्वतःच त्याला दूर सारते, आणि नायक निष्कलंक राहतो.

मायसेनहाइम येथील तिच्या थडग्यावर १८६६ सालीं शिळा बसविण्यांत आली. कवीच्या तेजाचा किरण पडला म्हणून ती अमर झाली, असा तीवरील ओळींचा आशय आहे. रोटाउच्या मुलींचा त्या ओळींत उल्लेख नाहीं.