प्रवाळाचा पत्ता कुणालाही देऊ नका

दिवाळीची सुट्टी लागली की मालवण, तारकर्ली, देवबाग माणसांनी फुलून जातं आणि मे महिना सरेपर्यंत ही वर्दळ थांबत नाही. या हंगामात आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला एक कळकळीची विनंती आहे. पाण्यात उतरण्याआधी, लाइफ जॅकेट अंगावर चढवण्याआधी, मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. पाण्याखाली जे जिवंत आहे त्याच्यासाठी करा आणि स्वतःच्या मुलाबाळांसाठीही करा. या दोन गोष्टी एकाच दमात का सांगतो आहोत, ते पुढे वाचा.

आधी पाण्याखाली काय आहे ते पाहू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सगळं मिळून जेमतेम २९ चौरस किलोमीटर. इथले प्रवाळ अंदमान किंवा लक्षद्वीपच्या फोटोंतल्यासारखे झगझगीत नाहीत. पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी आणि गाळ त्यांच्या अंगावर येतो, आणि एवढं सोसूनही ते इथे तग धरून आहेत. म्हणूनच अभ्यासकांना त्यांचं मोल फार वाटतं. बहुतेक प्रवाळ गोल धोंड्यांसारखे किंवा कातळावर सारवल्यासारखे पसरलेले. ओहोटीला काही ठिकाणी ते कमरेएवढ्या पाण्यात असतात, त्यामुळे नवख्या माणसाला तो शेवाळ धरलेला दगडच वाटतो आणि दम खायला तो त्याच्यावरच उभा राहतो.

तोंड पाण्यात घालून अगदी जवळून पाहिलं तर त्या ‘दगडा’वर मधाच्या पोळ्यासारखे एकाला एक खेटून बसलेले खळगे दिसतात. प्रत्येक खळग्यात एक प्राणी राहतो. दिवसा तो आत आकसून बसतो, अंधार पडला की बारीक बारीक हात बाहेर काढून पाण्यातलं खाद्य पकडतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल असतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. तपकिरी-हिरवट रंग येतो तो मुख्यतः या शैवालामुळे. वरची जिवंत कातडी काही मिलिमीटरची, तिच्याखाली त्या प्राण्यांनीच बांधलेली चुन्याची कठीण, धारदार रचना. माणसाचं वजन वर पडलं की ही कातडी पाय आणि चुना यांच्यामध्ये चिरडते. जखमेवर शेवाळ चढतं आणि तेवढा भाग बहुधा कायमचा जातो. गोल धोंड्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, पुष्कळदा त्याहूनही कमी. दोन विटांएवढा तुकडा मोडला तर तो भरून यायला तुमचं शाळेत जाणारं पोर लग्नाच्या वयाचं होईल. इथले जुने गाइड पर्यटकांना फार काही समजावत बसत नाहीत. ‘पाय ठेवू नकात, जिवंत आसा ता,’ एवढंच सांगतात.

गाइड सोबत असतो तिथे असं सांगणारं कुणीतरी असतं. आम्हाला घोर लागलाय तो जिथे कुणीच नसतं त्या जागांचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळकिनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला उघडी पडणारी पाण्याची कुंडं आहेत. त्यांत प्रवाळ आहेत, समुद्रफुलं आहेत, समुद्री गोगलगाई आहेत. तिथे पाटी नाही, दोरी नाही, राखण नाही. आजवर त्या जागा राखल्या गेल्या त्या केवळ लोकांना ठाऊक नव्हत्या म्हणून. कुणीतरी हौसेने तिथला व्हिडिओ टाकतो, खाली नकाशातली नेमकी जागा देतो, ‘अजून कुणाला माहीत नसलेलं ठिकाण’ असं लिहितो, आणि पुढच्या ओहोटीला तिथे गाड्या लागतात. त्या माणसाच्या मनात वाईट काही नसतं. पण कुंड दोन खोल्यांएवढं असेल तर त्याचं व्हायचं ते नुकसान एका सुट्टीत होऊन जातं.

ही भीती मनाची नाही. दक्षिण चीनमधल्या एका सुंदर गेको पालीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. ती कुठे सापडली तेही त्यात रीतसर छापलं होतं. हौशी संग्राहकांना विकण्यासाठी लोकांनी ती जागा धुंडाळली आणि जिथून तिची ओळख जगाला झाली तिथूनच ती नाहीशी झाली. म्हणूनच दुर्मीळ जिवांचे नेमके पत्ते छापायचे नाहीत, असं अनेक शास्त्रज्ञ आता बजावून सांगतात. दुसरा दाखला आपल्या घरचा. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा होता आणि त्याचा ठावठिकाणा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञाच्या ईमेलवर येत असे. त्या ईमेल खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, तोही पुण्यातून. प्रयत्न फसला. पण वाघापर्यंत पोचायला आता जंगल तुडवावं लागत नाही, एक पासवर्ड पुरतो, हे त्या दिवशी कळलं.

आता तुमच्या खिशातल्या मोबाइलकडे या. लोकेशन चालू असताना काढलेल्या प्रत्येक फोटोच्या आत अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ लिहिलेली असते. फोटो पाहताना ती दिसत नाही, पण मूळ फाइल ज्याच्या हाती जाते त्याला ती काही सेकंदांत वाचता येते. जी नोंद प्रवाळाचं कुंड उघडं करते तीच तुमच्या घराचा दरवाजा, मुलीच्या क्लासची इमारत, एकट्या राहणाऱ्या आईची सोसायटी उघडी करते. २०१७ मध्ये धावपटूंच्या एका अॅपने जगभरातल्या वापरकर्त्यांच्या पळण्याच्या वाटांचा नकाशा मोठ्या कौतुकाने प्रसिद्ध केला, तर त्यात ओसाड मुलखातले लष्करी तळ उजळून दिसले, कारण तिथले सैनिकही ते अॅप लावून धावत होते. शस्त्रधारी पहाऱ्यातल्या माणसांची ही गत झाली, तिथे आपण तर समुद्रावरून ‘आठवडाभर कोकणात!’ असं सगळ्या जगाला कळवतो. घर आठवडाभर बंद आहे हेही त्यातच आलं.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण त्या कायद्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे: जी माहिती तुम्ही स्वतःहून जाहीर केलीत तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे पोस्ट करण्याआधीचा जो क्षण आहे, त्या क्षणीच काय तो बचाव.

म्हणून हे आत्ताच करा. अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेरा उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन टॅग किंवा ‘सेव्ह लोकेशन’ अशा नावाचा पर्याय असतो, तो बंद करा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग लोकेशन सर्व्हिसेस, तिथे कॅमेऱ्यापुढे ‘नेव्हर’ निवडा. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर आतली ही नोंद निघून जाते, पण चांगल्या दर्जासाठी तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच पुढे जाते. लग्नाच्या आणि सहलीच्या ग्रुपवर हे सर्रास होतं. फोटो टाकायचेच असतील तर घरी परतल्यावर टाका, आणि ठिकाण म्हणून तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव पुरे. मुलांचे पोहतानाचे, कपडे बदलतानाचे फोटो तर सार्वजनिक पानावर नकोतच. त्यांनी तुम्हाला परवानगी दिलेली नाही आणि देण्याएवढी ती मोठीही नाहीत.

खोल्या आणि बोटींच्या बुकिंगसाठी आधार कार्डाचा फोटो मागितला जातो आणि आपण तो बिनदिक्कत अनोळखी नंबरवर पाठवतो. ओळखपत्र मागणं गैर नाही, पण शेवटचे चारच आकडे दिसतात असं ‘मास्क्ड आधार’ यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. तेच द्या. आणि आमच्या होमस्टेवाल्या, बोटवाल्या भावा-बहिणींनो, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे: पाहुणा गेला, नोंदवहीचं काम झालं, की त्याचं कार्ड मोबाइलमधून काढून टाका. मोबाइल दुरुस्तीला जातो, हरवतो, पोरांच्या हाती पडतो. पाहुण्याने आपल्यावर भरवसा टाकलेला असतो.

पत्ता लपवायचा म्हणजे साऱ्यांपासूनच लपवायचा असं मात्र मुळीच नाही. कुंडात वेगळा प्रवाळ दिसला, पांढरा पडलेला दिसला, तर नेमकी जागा वनखात्याच्या कांदळवन कक्षाला किंवा अभ्यासकांना जरूर कळवा. त्यांना त्याची गरज आहे. आयनॅचरलिस्टसारख्या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा अस्पष्ट ठेवायची सोय आहे, मग इतरांना वीसेक किलोमीटरचा चौकोन तेवढा दिसतो. मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीला फिरणाऱ्या तरुणांनी अशा नोंदींतून शहराच्या दारातला जीवसंसार लोकांपुढे आणला, ते काम मोलाचं आहे. आमचं सांगणं एवढंच, की ज्याला पत्ता लागतो त्यालाच तो द्यावा.

याच मोबाइलमधून प्रवाळांचा एक बाजारही चालतो. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तो आपल्या मराठी घरांत शिरलाय. ‘इंद्रजाल’ नावाने काळसर, जाळीदार फांदी काचेच्या चौकटीत घालून विकतात. वास्तुदोष जातो, नजर लागत नाही, धंद्यात बरकत येते असं सांगतात. ती वनस्पती नव्हे. बहुतेकदा तो समुद्रपंखा नाहीतर काळा प्रवाळ असतो, समुद्राच्या तळावरून उपटून वाळवलेला. समुद्रपंखे, काळे प्रवाळ आणि खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या बरोबरीने. विकणारा तर गुन्हेगार आहेच, विकत घेणाराही सुटत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. हा कायदा किती कडक आहे ते २०२० मध्ये मुंबईत दिसलं: सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजी अली आणि वरळीला प्रवाळांच्या अवघ्या १८ वसाहती आड आल्या, तर त्या हलवायला महापालिकेला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या दुसरीकडे नेऊन बसवल्या. तेव्हा किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडाही शोकेससाठी घरी नेऊ नका. इंद्रजालाची जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट काढून वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. ती जाहिरात ग्रुपवर पुढे ढकलू नका, ‘हे चुकीचं आहे’ असं लिहूनसुद्धा नको. त्याने गिऱ्हाइकंच वाढतात.

पाण्यातल्या वागण्याबद्दल थोडंसं. माशांना पाव-बिस्किटं घालू नका. पायाने वाळू ढवळू नका, ती प्रवाळावर बसते. उन्हासाठी क्रीम चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ऑक्सिबेन्झोन असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाई बेटांनी २०२१ पासून बंदी घातली आहे, ती प्रवाळांसाठीच. आणि फोटोसाठी गाइडला ‘अजून जवळ ने’ असा आग्रह धरू नका. गिऱ्हाईक दुखवायचं नाही म्हणून तो नको तिथे नेतो.

हे सगळं पाळलं तरी प्रवाळ वाचतीलच, असं आम्ही म्हणणार नाही. समुद्र तापतो आहे. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल टाकून देतात आणि पांढरेफटक पडतात. तापमान लवकर उतरलं तर सावरतात, नाहीतर उपाशी मरतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन, म्हणजे प्रवाळ असे पांढरे पडणं, जाहीर केलं, आणि त्याच वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. त्या उष्णतेवर आपल्या गावापुरता इलाज नाही. पण आधीच पाय पडून, गाळ बसून जखमी झालेला प्रवाळ त्या तापातून उठण्याची शक्यता आणखी कमी होते. आपल्या हातात आहे ते एवढंच, आणि ते करायला वेळ फार उरलेला नाही.

अभयारण्याच्या बंधनांवरून इथल्या मच्छीमारांचे आणि सरकारचे मतभेद जुने आहेत. ते त्यांच्या पोटापाण्याचे प्रश्न आहेत आणि त्यांची चर्चा त्यांच्याशी बसूनच व्हायला हवी. या आवाहनाला त्यासाठी थांबायचं कारण नाही. इथे कुणाचा रोजगार जात नाही. उलट प्रवाळ राहिले तर मासे राहतील, मासे राहिले तर बोटी चालतील.

शिक्षकांनो, सहलीच्या सूचनापत्रकात डबा आणि टोपीच्या खाली लोकेशन बंद करण्याची एक ओळ घाला. रील करणाऱ्या मुलामुलींनो, तुमचं हजारो लोक ऐकतात, म्हणून तुम्हाला अधिक आग्रहाने सांगतो: आधी टाकलेल्या व्हिडिओंवरचे कुंडांचे पत्ते आज रात्री बसून काढा, आणि कुणी खाली ‘लोकेशन प्लीज’ लिहिलं तर का देत नाही ते दोन ओळींत सांगा. ऑनलाइन बुकिंगमध्ये कुणी फसवलं तर लाजून गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

आणि हे वाचून झाल्यावर तुमच्या सहलीच्या ग्रुपवर पाठवा. गाडी फोंडा घाट उतरायच्या आत सगळ्यांच्या मोबाइलमधलं ते सेटिंग बदललेलं असू दे.