अख्खी कोंबडी वाफवायची, पण कशात?

इंदूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांची बायपास झाली, डॉक्टरांनी तळलेल्या पदार्थांवर बंदी घातली. चिकन चालेल, पण तेल नको. त्या लिहितात, ‘येत्या वाढदिवसाला ह्यांच्यासमोर अख्खी कोंबडी ठेवायची आहे. घरात ओव्हन नाही. वाफेवर करावी म्हणते. त्यासाठी बाजारात वेगळे भांडे मिळते का? घरात मोठे मोदकपात्र आहे, पण सासूबाई त्याला हात लावू देत नाहीत.’

शेवटचे वाक्य वाचून मला हसू आले. कारण हा प्रसंग आमच्याही घरी घडून गेला आहे.

सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. नुकतीच कवळी बसवली होती, त्यामुळे तळलेली तंगडी चावणे त्यांना जमत नव्हते. तरी हट्ट एकच, ‘तुकडे नकोत, अख्खी कोंबडी करा.’ मी माळ्यावरचे मोदकपात्र काढायला स्टुलावर चढले, तोच खालून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘अगं, त्यात बाप्पाचे मोदक उकडतात. वर्षातून एकदा निघतं ते.’’ मी म्हटले, ‘‘आई, घासून, चिंच लावून लख्ख करून ठेवीन.’’ त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘घासण्याचा प्रश्नच नाही.’’ आमच्या ‘ह्यां’ना त्याच क्षणी वर्तमानपत्रातली महत्त्वाची बातमी वाचायची आठवण झाली.

तेव्हा मला राग आला होता. आता वाटते, त्यांचे काही चुकले नव्हते. ज्या घरात सामिष भांडी वेगळी ठेवायची पद्धत आहे, तिथे एका कोंबडीसाठी ती मोडण्यात शहाणपण नाही. विशेषतः जेव्हा दुसरे भांडे शेजारच्याच फळीवर असते! माझी चूक वेगळीच होती. रागाच्या भरात मी हाताला लागले ते पातेले घेतले, तळाला वाटी उपडी घातली, तिच्यावर चाळण, चाळणीत कोंबडी आणि वर एक ताट झाकण म्हणून. ताट नीट बसत नव्हते. चाळीस मिनिटांनी करपल्याचा वास आला, तेव्हा पातेल्यात पाण्याचा थेंब नव्हता. कोंबडी मात्र वरून छान पांढरी झालेली. पाहुणे पानावर बसले, मी तंगडी ओढली, तर सांध्याशी मांस गुलाबी आणि रबरासारखे. शेवटी तिचे तुकडे करून कुकरला लावले आणि रात्री दहा वाजता रस्सा वाढला. सासऱ्यांनी निमूटपणे खाल्ला. फक्त एकदा विचारले, ‘‘अख्खी कुठंय?’’

नेमके काय चुकले, हे कळायला वाफ काम कशी करते ते समजून घ्यायला हवे. उकळते पाणी आणि त्याची वाफ, दोन्ही १०० अंश सेल्सिअसचीच असतात. पण एक ग्रॅम वाफ थंड मांसावर आदळून तिचे पाणी झाले की सुमारे ५४० कॅलरी उष्णता तिथे सोडते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट असतो तो ह्याचमुळे आणि वाफेवर अन्न शिजते तेही ह्याचमुळे. म्हणजे वाफ मांसाला सतत, सगळ्या बाजूंनी भिडली पाहिजे. झाकणाच्या फटीतून ती निघून गेली, तर गॅस आणि पाणी दोन्ही वाया. इडली चपटी असते, मोदक मुठीएवढा. कोंबडीचे तसे नाही. छाती वर, मांड्या अंगाला चिकटलेल्या, आत पोकळी. मांडी जिथे धडाला जोडलेली असते तिथे उष्णता सर्वांत शेवटी पोहोचते.

चीनच्या युन्नान प्रांतात ह्याच कामासाठी मातीचे एक खास भांडे करतात. च्यानश्वे गावची त्याबद्दल ख्याती आहे. भांड्याच्या मधोमध, तळातून वर आलेले एक पोकळ धुराडे असते. भांड्यात चिकनचे तुकडे आणि आले घालून, पाणी अजिबात न घालता, ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसवतात. वाफ धुराड्यातून वर चढते, झाकणाला लागते, पाणी होऊन चिकनवर पडते. काही तासांनी भांड्यात आपोआप स्वच्छ रस्सा तयार होतो. अख्खी कोंबडी त्यात बसत नाही, कारण मध्ये धुराडे. पण त्या कुंभारांनी आधी वाफेच्या वाटेचा विचार केला, भांड्याचा नंतर. भांडे निवडताना आपणही तेच बघायचे आहे.

आता आपल्या बाजारात काय मिळते ते पाहू. मोमोसाठी अॅल्युमिनियमचे तीन मजली भांडे हल्ली सर्वत्र दिसते. त्याचे मजले उथळ असतात. मधल्या मजल्यात कोंबडी ठेवली तर वरचा मजला बसत नाही. फक्त सर्वांत वरच्या मजल्यात, घुमटासारख्या झाकणाखाली लहान कोंबडी मावली तर मावते. वेताची करंडी दिसायला सुरेख, पण आपल्या पावसाळ्यात ती वाळत नाही, बुरशी धरते. शिवाय चिकनचा वास तिच्यात मुरतो. माझे मत विचाराल तर करंडी मोमोंपुरतीच ठेवावी. विजेच्या प्लास्टिक स्टीमरमध्ये भाज्या उत्तम होतात. कोंबडी ठेवायची असेल, तर टोपलीची उंची दुकानातच मोजावी आणि पाण्याची टाकी एका तासाला पुरते का तेही विचारावे. इडली-ढोकळ्याच्या ताटल्यांसह येणारी स्टीलची मोठी कढई मात्र कामाची आहे. ताटल्यांचे स्टँड काढून खालची एकच सच्छिद्र ताटली ठेवली की भरपूर उंची मिळते आणि तिचे झाकण गच्च बसते.

प्रेशर कुकरचे दोन प्रकारे काम होते. शिटी न लावता, ढोकळ्यासारखे वाफवण्यासाठी तो वापरता येतो. शिटी लावली तर आतले तापमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि एक किलोची कोंबडी, दाब धरल्यावर मंद आचेवर वीस मिनिटांच्या आत शिजते. पण ती अख्खी बाहेर येईल ह्याची खात्री नाही. डेनिस पापिन ह्या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये कुकरचा जो मूळ पूर्वज बनवला, तो हाडे मऊ करण्यासाठीच होता! तंगडी उचलावी तर हातात फक्त हाड येते. कवळीवाल्यांना हे सोयीचे, पण ताटात मांडायला नाही. शिटी लावणारच असाल, तर कुकर दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये आणि कोंबडीची कातडी किंवा तंगडी झाकणाच्या वाफनळीला चिकटणार नाही हे बघावे. नळी बंद झाली तर दाब बाहेर पडायला वाट उरत नाही. झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का, हे पाहायची सवय लावून घ्यावी. नवा कुकर घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. घरगुती कुकरला ते आता सक्तीचे आहे.

इंदूरच्या भगिनींना मी नवे भांडे घ्यायला सांगणार नाही. घट्ट झाकणाचे, रुंद आणि खोल पातेले, आत कुकरची जाळी किंवा तीन पायांचे स्टँड आणि त्यावर काठ असलेली स्टीलची खोलगट ताटली, एवढे पुरे. दुसऱ्या खेपेला मी असेच केले. ताटली पातेल्यापेक्षा इतकी लहान हवी की चहूबाजूंनी दोन-दोन बोटे जागा सुटेल. तीच वाफेची वाट. ताटली भिंतीला टेकली तर वाफ खालीच कोंडते. स्टीलची ताटली सांगते, कारण लिंबू किंवा दही लावलेले चिकन अॅल्युमिनियमला थेट लागू नये. कोंबडी आणि झाकण ह्यांतही दोन बोटे अंतर हवे. झाकण सपाट असेल, तर मोदकांच्या वेळी बांधतो तसे त्याला आतून स्वच्छ फडके बांधून टोके वर गाठवावीत. नाही तर झाकणाचे पाणी टपटप पडून वरचा मसाला धुऊन निघतो. फडक्याची टोके ज्योतीपासून दूर ठेवायला विसरू नये.

पाणी किती, हे कुणालाच अंदाजाने सांगता येत नाही, कारण ते झाकणावर आणि आचेवर ठरते. म्हणून आदल्या दिवशी रिकामी चाचणी करावी. दोन लिटर पाणी मोजून घालावे, झाकण ठेवून अर्धा तास उकळावे, मग उरलेले मोजावे. अर्ध्या तासात किती आटते ते कळले की तासाचा हिशेब सोपा. पाणी जाळीच्या खालीच राहिले पाहिजे. जास्त लागणार असेल, तर दुसऱ्या शेगडीवर उकळते पाणी तयार ठेवावे. गार पाणी ओतले की वाफ मोडते. एक जुनी युक्तीही आहे. तळाशी एक स्वच्छ नाणे टाकावे. पाणी उकळत असेपर्यंत ते खडखडते, खडखड थांबली की समजावे, पाणी संपत आले.

कोंबडी साफ केल्यावर किलोभर भरेल अशीच घ्यावी, मोठी नको. आपल्याकडे चिकनवाले कातडी काढूनच देतात, म्हणून ‘कातडीसकट’ असे आधी सांगावे. कातडीमुळे मांस कोरडे पडत नाही. चरबी बरीचशी तिथेच असते, म्हणून हृदयरोग्याला वाढताना ती सोलून टाकावी. कच्ची कोंबडी धो-धो नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि कोशिंबिरीवर जातात. कागदाने टिपून घेणे चांगले. मीठ, आले-लसूण, हळद, लिंबू लावून दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी. वाफवण्यापूर्वी मांडी आणि धड ह्यांमधल्या घडीत सुरीने एक खोल चीर द्यावी. पोटात भात किंवा खिमा भरू नये. पोकळी रिकामी राहिली तरच वाफ आतून फिरते. फार तर कोथिंबिरीची दोन देठे ठेवावीत.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच ताटली आत ठेवावी आणि तिथून वेळ मोजावा. पाऊण तास ते एक तास लागतो. सिमला, उटी, दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणी पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते, तिथे आणखी वेळ द्यावा. मात्र घड्याळावर भरवसा ठेवून कोंबडी काढू नये. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर घ्यावा. त्याचे टोक मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता खुपसावे. ७४ अंश दिसले की कोंबडी शिजली. रंगावर जाऊ नये. कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ शिजल्यावरही लाली राहू शकते आणि उलट, पांढरे दिसणारे मांस आतून कच्चे असू शकते. घरात आजारी माणूस किंवा लहान मूल असेल तर ह्या एका गोष्टीत तडजोड नको.

झाकण उघडताना ते स्वतःच्या विरुद्ध बाजूला कलते करावे, मुलांना ओट्यापासून लांब ठेवावे. गॅस बंद करून पाच मिनिटांनी, दोन हातांनी, दोन सांडशांनी ताटली उचलावी. तिच्यात गरम रस साचलेला असतो.

कोंबडी पांढरीफटक दिसेल, त्याने नाराज होऊ नये. खमंग तांबूस रंग यायला वाफेपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, तो वाफेत येणारच नाही. चमचाभर तेलात जिरे, लाल मिरची, लसूण आणि कढीलिंब तडतडवून ती फोडणी वरून ओतली की वास आणि रंग दोन्ही येतात. यजमानांसाठी तेवढे तेल चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. नाही तर हिरवी चटणी वाटीत द्यावी.

ताटलीतला रस फेकू नये. थंड झाल्यावर वर चरबीचा थर येतो, तो काढावा. खालचा रस गाळून, गरम करून, मिरपूड घालून प्यायला द्यावा. उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. दुसऱ्या खेपेला सासऱ्यांनी छातीचा एक काप घेतला आणि रस मात्र तीन वाट्या प्यायले. सासूबाईंनी ती कोंबडी चाखलीही नाही. पण नाण्याची खडखड थांबली तेव्हा देवघरातून त्यांचाच आवाज आला, ‘‘अगं, पाणी बघ.’’