लायसन्स नको, पण लाइट तर हवा!

ज्या गाडीला लायसन्स लागत नाही तिला नियमही लागत नाहीत, असा समज आपल्या तरुणांमध्ये पक्का बसला आहे. मालेगाव असो, भिवंडी असो की मुंब्रा, इशानंतर मोहल्ल्यातून एक फेरी मारा. नंबर प्लेट नसलेल्या ई-बाइक आणि बॅटरीवर चालणाऱ्या सायकली अंधारातून, आवाज न करता, कधी कधी तिघांना घेऊन सुसाट जाताना दिसतील. त्यांपैकी कितींच्या मागे लाल दिवा पेटलेला असतो, हे मोजून बघा.

कायदा काय म्हणतो, ते आधी समजून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 नुसार मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि मान्यताप्राप्त संस्थेने तसे तपासून प्रमाणित केले असेल, तर ते वाहन 'मोटार वाहन' धरले जात नाही. म्हणून त्याला लायसन्स, नोंदणी किंवा विम्याची सक्ती नाही. पेडल मारायच्या ई-सायकलची मोटर 25 चा वेग गाठताच किंवा पेडल थांबताच बंद झाली पाहिजे. तिला चांगले ब्रेक, पुढे पांढरा रिफ्लेक्टर आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. म्हणजे ही सवलत अटींवर दिलेली आहे. अट मोडली की सवलत संपते.

अट मोडणे किती सोपे आहे, हे प्रत्येक गॅरेजवाल्याला ठाऊक आहे. वेगाची मर्यादा कंट्रोलरमध्ये असते. अनेक गाड्यांत एक वायर काढली की लिमिट जाते आणि 25 ची गाडी 40-45 ने पळू लागते. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही, पण कायद्याच्या नजरेत ती आता विना नोंदणी, विना विमा फिरणारे मोटार वाहन झालेली असते. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 2022 मध्ये अशाच बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकवर कारवाईची मोहीम काढली होती.

अशा गाडीने कुणाला उडवले, तर नुकसानभरपाई द्यायला विमा कंपनी नसते. घर चालवणाऱ्या अब्बूंच्या किंवा भाईजानच्या खिशातूनच ती जाते. चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि साधी सायकल चालवणाराही मोकळा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 281 सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. तिथे लायसन्सचा प्रश्नच येत नाही.

आता थोडा हिशेब. समोर कुणी दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. ताशी 25 च्या वेगाने तेवढ्यात गाडी सात मीटर पुढे जाते, 45 ने साडेबारा मीटर. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 45 ची धडक 25 च्या सव्वातीन पट जोरदार असते. ब्रेक आणि टायर मात्र 25 च्याच हिशेबाने बसवलेले असतात.

दिव्याचा मुद्दा इथेच येतो. नियमात रिफ्लेक्टर आहे, पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. समोरच्याचा हेडलाइट त्यावर पडला तरच तो चमकतो. मशिदीतून घरी निघालेल्या म्हाताऱ्या चाचांच्या कपाळावर हेडलाइट नसतो. दूध आणायला निघालेल्या मुलीकडेही नसतो. बोळातून आडवी येणारी गाडी रिफ्लेक्टरला बाजूने पाहते, तेव्हा तो चमकत नाही. पूर्वी माणूस निदान इंजिनाच्या आवाजाने बाजूला व्हायचा. आता आवाजही नाही आणि उजेडही नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या मोटारसायकली आणि स्कूटरचा हेडलाइट इंजिन चालू होताच आपोआप पेटतो, कारण दिसणे हीच सुरक्षा आहे. मग सवलतीच्या वाहनांना फक्त रिफ्लेक्टरवर का सोडले? या सगळ्यांना पुढे-मागे दिवा सक्तीचा करा, ही मागणी आपण सरकारकडे केली पाहिजे.

काही मित्र म्हणतील, खरा धोका डंपर आणि भरधाव कारचा आहे, आमच्या वस्तीतले खांबावरचे दिवे महिनोन् महिने बंद असतात, आणि पोलिसांना पकडायला आमचीच पोरे सापडतात. यातले काहीच खोटे नाही. खांबावरच्या दिव्यासाठी नगरपालिकेत अर्ज करायचा, नगरसेवकाला जाब विचारायचा, हा आपला हक आहे. पण जो चाचा आपल्या गाडीखाली येईल, तोही आपल्याच मोहल्ल्यातला असेल. आणि पोलिसांसमोर ताठ मानेने बोलायचे, तर गाडी नियमात असलेली बरी. सर्टिफिकेटची प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि लिमिट शाबूत ठेवा. मग विनाकारण अडवले, तर कायदा तुमच्या बाजूने बोलेल.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचा भाग आहे, हे आपण मदरशात लहानपणीच शिकतो. दगड किंवा काटा उचलणे सोपे आहे. पण आपली विनादिव्याची गाडीच लोकांच्या वाटेतला काटा झाली असेल तर?

करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला पैसे थोडे लागतात. सायकलला मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा काहीशे रुपयांत बसतो. पुढचा दिवा थोडा खाली झुकवा, समोरच्याचे डोळे दिपवू नका. पेडलवर रिफ्लेक्टर लावा. वर-खाली हलणारा प्रकाश दिसला की ही सायकल आहे, हे लांबूनच कळते. उलट्या दिशेने जाऊ नका, कारण वळणारा ड्रायव्हर त्या बाजूला बघतच नाही. हेल्मेटची सक्ती नसली तरी डोके सगळ्यांचे सारखेच असते.

गॅरेज चालवणाऱ्या भावांना एक विनंती. 'इथे लिमिट काढून मिळणार नाही' अशी पाटी लावा. दोन गिऱ्हाइके जातील, पण एखादा जीव वाचेल. मशिदीच्या कमिटीने आणि मोहल्ल्याच्या मंडळाने रमजानच्या आधी एका संध्याकाळी मुलांच्या गाड्या तपासून दिवे बसवून द्यावेत. तरावीहनंतर आणि सहरीच्या वेळी हीच मुले रस्त्यावर असतात, आणि त्याच रस्त्याने त्यांचे आजी-आजोबाही चालत असतात.